घट्ट नट, अडलेले शाफ्ट : किट-कार बांधणाऱ्यांची प्रश्नोत्तरे

किट-कार म्हणजे जुन्या गाडीचे भाग नव्या चेसीवर बसवून घरी बांधलेली गाडी. या वेळची बहुतेक पत्रं एकाच टप्प्यावर अडलेल्यांची आहेत. जुनी गाडी घरी आली, नवी चेसी कोपऱ्यात वाट बघतेय, आणि मधला एखादा नट किंवा शाफ्ट (फिरणारा दांडा) हलायला तयार नाही. सगळ्यांना पहिला सल्ला एकच: जोर वाढवण्याआधी तो भाग कशाने धरलाय ते शोधा. गंज, सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची रिंग), ठोकून बसवलेली कड की नजरेआड राहिलेला बोल्ट? कारण कळलं की हत्यार आपोआप ठरतं.

१९९२ची माझदा एमएक्स-५ घेतली. बॉडी पूर्ण रिकामी केली, गाडी स्टँडवर आहे. मागच्या हबचा (चाक ज्यावर बसतं तो भाग) २९ मिमीचा नट काही केल्या सुटत नाही. पाना लावला की हबच फिरतं. – लेस्टर, इंग्लंड

आधी नटाची कड बघा. शाफ्टच्या खाचेत ती ठोकून दाबलेली असते. बारीक छिन्नीने ती पूर्ण वर उचला. अर्धवट उचललीत तर नट सुटताना शाफ्टचे आटे खरवडून निघतील आणि नटाच्या पैशात काम भागायचं ते ड्राइव्हशाफ्टवर (चाक फिरवणाऱ्या दांड्यावर) जाईल.

खरं तर हा नट गाडी चाकांवर उभी असतानाच सैल करायचा असतो: चाकाची मधली टोपी काढायची, हँडब्रेक ओढायचा, एकाला ब्रेकवर पाय दाबून बसवायचं. कारखान्यात तो दोनशे न्यूटन-मीटरच्या वर आवळलेला असतो, त्यात तीस वर्षांचा गंज. तुमची गाडी आता हलकी झाली आहे, तेव्हा चाक लावून खाली उतरवली तरी ती घसरेल. त्यापेक्षा दीड मीटरची जाड लोखंडी पट्टी घ्या, तिला दोन भोकं पाडून हबच्या दोन स्टडवर (चाक बसवायच्या बोल्टांवर) चाकाच्या नटांनी आवळा आणि तिचं दुसरं टोक जमिनीवर टेकवा. हब फिरायचं थांबेल. सॉकेट सहा कोनांचाच वापरा, बारा कोनांच्या सॉकेटने असा नट गोल होतो. लांब दांड्याला पाइप जोडा आणि हिसके न देता एकसारखा जोर लावा. जोडताना नवा नट घ्या आणि कड पुन्हा ठोका.

नट निघाला, पण शाफ्ट हबमधून बाहेर येत नाही. हातोडा मारू का? – तेच वाचक

उघड्या आट्यांवर मुळीच नाही. शाफ्टचं टोक पसरलं की नट परत चढत नाही. स्प्लाइनच्या, म्हणजे शाफ्टवरच्या खाचांच्या, दातांवर गंजावरचं तेल सोडा, रात्रभर मुरू द्या आणि हबच्या स्टडना धरणारा पुलर (भाग ओढून काढायचं हत्यार) लावा. पुलर ताणलेला ठेवून हबच्या कडेला एक-दोन ठोके दिले की बहुतेक वेळा शाफ्ट सुटतो.

एमएक्स-५च्या मागच्या सस्पेन्शनच्या खालच्या आर्ममधला लांब बोल्ट दमवतोय. नट निघाला, बोल्ट थोडा फिरतो आणि परत जागेवर येतो. ठोकून ठोकून त्याचं टोक फुललं. – रेडिंग, इंग्लंड

या गाडीच्या मागच्या सस्पेन्शनमधला सर्वांत कुप्रसिद्ध बोल्ट तो हाच. तो बुशांच्या (सांध्यातल्या रबरी बाह्यांच्या) आतल्या पोलादी नळ्यांतून जातो आणि पावसाचं पाणी व बर्फासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाने त्या नळ्यांशी एकजीव होतो. तुम्ही फिरवता तेव्हा बोल्ट नळीसकट फिरतो, बाहेरचं रबर पिळतं आणि सोडल्यावर त्याला मागे आणतं. म्हणून तो ‘थोडा’ फिरतो. तो सैल झालाय असं समजून आणखी दोन दिवस ठोकत बसू नका.

इथे हिशेब करा. बोल्ट स्वस्त आहे. बुश तुम्ही नवेच घालणार आहात. काही किटमध्ये आर्मसुद्धा नवे येतात. वाचवायचा आहे तो हब-कॅरिअर (हब धरून ठेवणारा भाग). मग बोल्ट कापा. आर्म आणि कॅरिअर यांच्या मधल्या फटीत धातू कापायचं पातं लावलेली इलेक्ट्रिक करवत घाला आणि दोन्ही बाजूंना एकेक काप द्या. पातं फटीत समांतर राहील याची काळजी घ्या, कॅरिअरच्या तोंडावर घासू देऊ नका. आत उरलेला तुकडा टेबलावर आरामात गरम करून प्रेसने काढता येतो. गाडीखाली झोपून तेच काम करायला दुप्पट कष्ट पडतात. नवा बोल्ट बसवताना अँटी-सीझ ग्रीस (भाग जाम होऊ न देणारं) भरपूर लावा.

जाम भाग ब्रेक क्लीनरने धुऊन लगेच गॅसची टॉर्च लावून तापवला तर चालेल का? – स्लाउ, इंग्लंड

नाही, अजिबात नाही. क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनर तापला की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो, आणि त्याचा त्रास काही तासांनीसुद्धा उफाळू शकतो. क्लोरिन नसलेला क्लीनर भडकून पेट घेतो. भाग साबणपाण्याने धुवा, पूर्ण कोरडा करा, मगच तापवा. इंधनाची टाकी आणि पाइप आधी गाडीतून काढलेले असू देत. आच नटाला द्या, बोल्टला नको: नट प्रसरण पावला की गंजाची पकड तुटते. थोडा निवल्यावर आट्यांवर मेण टेकवा, ते वितळून आत ओढलं जातं. मग एकदम उघडू नका. किंचित आवळा, किंचित सोडा, असं पुढे-मागे करत काढा.

बाहा स्पर्धेच्या (विद्यार्थ्यांनी खडबडीत रस्त्यांसाठी गाडी बांधायची स्पर्धा) गाडीसाठी कुर्ल्याच्या भंगार मार्केटमधून महिंद्रा अल्फा या तीनचाकीचा गिअरबॉक्स आणलाय. शाफ्टवरचं बेअरिंग निघत नाही. बाहेरच्या रिंगला पुलर लावला तर गोळ्याच सुटल्या. – इंजिनीअरिंगचे विद्यार्थी, मुंबई

मुलांनो, बेअरिंग शाफ्टला धरून असतं ते आतल्या रिंगने. बाहेरची रिंग ओढलीत की सगळा जोर गोळ्यांवर जातो. आता आतली रिंगच उरली आहे, तेव्हा आधी तिच्या पुढे-मागे सर्क्लिप नाही ना, हे चिखल पुसून बघा. नसेल तर ग्राइंडरने रिंगला तिरकी खाच पाडा, पण शाफ्टला टेकायच्या आधी थांबा. त्या खाचेत छिन्नी ठेवून एक दमदार ठोका द्या. कडक पोलाद तडकतं आणि रिंग हाताने निघते. डोळ्यांवर चष्मा हवाच, तुकडे उडतात. नवं बेअरिंग तेलात साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून सरकवा, १२०च्या वर नेऊ नका.

इंजिनच्या क्रँकच्या टोकातलं, गिअरबॉक्सच्या शाफ्टला आधार देणारं छोटं पायलट बेअरिंग काढायला पुलरच मिळत नाही. – नाशिक

ओला केलेला पाव घ्या. बेअरिंगमागच्या पोकळीत गच्च भरा, बेअरिंगच्या भोकात नेमका बसेल असा गज घालून ठोका. परत पाव भरा, परत ठोका. मागून दाब वाढत जातो आणि बेअरिंग पुढे सरकतं. ग्रीसनेही होतं, पण पाव साफ करायला सोपा, आणि क्लचजवळ ग्रीस राहिलेलं बरं नाही.

डिफरेन्शियलचं (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचं) तेल काढताना काही खबरदारी? – कोल्हापूर

वरचा भरण्याचा प्लग आधी सोडवून बघा. तो निघाला तरच खालचा उघडा. खालून तेल गेलं आणि वरचा प्लग गोल झाला, तर नवं तेल भरायची सोय राहत नाही.