सरासरी दीड अंशाने वाढली, तर रोजच्या जगण्यात नेमकं काय बदलतं?

तुमचा प्रश्न असा: पहाट आणि दुपार यांतच दहा अंशांचा फरक असतो, मग पृथ्वी दीड अंशाने तापली तर माझं काय अडतं?

शंका रास्त आहे, आकडाच फसवा आहे. दीड अंश ही साऱ्या पृथ्वीची वर्षभराची सरासरी. पृथ्वीचा सुमारे ७० टक्के पृष्ठभाग पाण्याचा, आणि तो सावकाश तापतो. १८५०-१९०० च्या तुलनेत २०११-२०२० या दशकात समुद्रावरची वाढ सुमारे ०.९ अंश होती, जमिनीवरची सुमारे १.६. आपण राहतो जमिनीवर.

पण रोजच्या जगण्याला खरा हात लागतो तो बाष्पाचा. हवा १ अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणूनच पाऊस पडतो तेव्हा कोसळतो आणि जुन्या मापाची गटारं तुंबतात. याच बाष्पामुळे घामाचं कामही अडतं, आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात.

नुसतं बसून असलं तरी शरीर साधारण १०० वॅट उष्णता तयार करतं. त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून गरम झाली की उष्णता बाहेर टाकायला घाम वाळणं हा एकच मार्ग उरतो. १ लिटर घाम वाळताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, म्हणजे नुसतं बसायलाही तासाला १५० मिलिलिटर घाम वाळायला हवा. वाळायला हवा, निथळायला नव्हे. निथळून पडलेला घाम फुकट जातो, वर पाणी आणि मीठही घेऊन जातो.

त्यामुळे बातम्यांतल्या कमाल तापमानावरून धोका कळत नाही. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर वेट बल्ब तापमान (ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक वाऱ्यात दाखवतो तो आकडा) सुमारे २३ येतं. ३४ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला ते ३० वर जातं. पूर्वी माणसाची मर्यादा कागदोपत्री ३५ वेट बल्ब मानली जायची. तरुण, निरोगी माणसांवरच्या प्रयोगांत दमट हवेत हलक्या हालचालींनाही ती ३०-३१ च्या आसपासच आली. म्हातारपणी ती आणखी खाली येते, कारण घामच कमी येतो.

हे घरी मोजता येतं. भिंतीवर लावायचे दोन साधे तापमापक घ्या (तापाचा चालत नाही, त्याची पट्टी साधारण ३५ ते ४२ एवढीच असते). आधी दोन्ही शेजारी ठेवून आकडा सारखा येतो का बघा, फरक असेल तर लिहून ठेवा. एकाच्या टोकाला सुती फडक्याचा एकच थर गुंडाळा, खोलीत ठेवलेल्या पाण्याने भिजवा, टेबलफॅनसमोर सावलीत धरा. आकडा घसरत जाऊन थांबतो, पाच-दहा मिनिटं लागतात. थांबला की वाचा, आणि दुसऱ्या, कोरड्या तापमापकाचाही आकडा वाचा. फडकं वाळलं, जाड झालं किंवा पंखा मंद असला तर आकडा खोटा जास्त येतो. फ्रिजचं पाणी वापरून घाईने वाचलं तर खोटा कमी.

आता हे दोन आकडे वापरायचे कसे?

दोघांत १० अंशांहून जास्त फरक असेल तर कूलर चांगला चालेल. फरक ३-४ वर आला की कूलरचं पाणी बंद करा, नुसता पंखा ठेवा. बंद खोलीत कूलर लावणं ही नेहमीची चूक: तासाभरात खोलीची आर्द्रता वाढते आणि गार वाटण्याऐवजी चिकचिक सुरू होते. पंख्यालाही मर्यादा आहे. कोरडी हवा ४० च्या वर गेली की तो गरम झोताने शरीर तापवतो. तेव्हा आधी अंग ओलं करा, मग पंखा. खिडकीचा नियम सोपा: बाहेरचा कोरडा आकडा आतल्यापेक्षा जास्त असेल तोवर बंद, कमी झाला की समोरासमोरच्या दोन उघडा.

रात्रींबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. बाष्प आणि ढग जमिनीची उष्णता निसटू देत नाहीत, आणि काँक्रीटचा स्लॅब दुपारी घेतलेली उष्णता कित्येक तासांनी आत सोडतो. वरच्या मजल्यावर झोपायच्या वेळी खोली सर्वांत गरम असते ती यामुळे. गच्चीला पांढरा परावर्तक रंग दिला की स्लॅब मुळात कमी तापतो. आतून फॉल्स सीलिंग लावल्यास झळ थोपते, पण स्लॅब तापतोच. रंगावर धूळ बसली की गुण उतरतो, अधूनमधून गच्ची धुवावी लागते.

अंगमेहनतीच्या कामात पहिला आठवडा सर्वांत वाईट. शरीराला उन्हाळ्याची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हात पूर्ण कामाच्या २० टक्केच द्यावं, मग रोज २० टक्के वाढवावं. घाम खूप गेला आणि ओआरएसची पुडी नसेल तर १ लिटर पिण्याच्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर अपायच. लघवी वाढवणारी गोळी किंवा हृदय-मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाणी-मिठाचं प्रमाण डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा तोल जाऊ लागला तर तो उष्माघात समजा, अंगाला घाम असला तरी. मेहनतीतून आलेल्या उष्माघातात घाम सुरूच असू शकतो. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत सावलीत आडवं करून अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.