1,85,000 किलोमीटर चाललेल्या ऑटोमॅटिक गाडीचं जुनं गिअर ऑइल बदलावं, की आहे तसंच राहू द्यावं?

तुम्ही लिहिलंय की 2016 ची इनोव्हा क्रिस्टा ऑटोमॅटिक सेकंडहँड घेतली, रनिंग 1,85,000, गिअरबॉक्सचं ऑइल आधीच्या मालकाने कधी बदललं याची नोंद कुठेच नाही. आणि सोलापुरातल्या मिस्त्रीने सांगितलं, "हात लावू नका, नवीन ऑइल पडलं की गिअर स्लिप व्हायला लागतात."

गिअर आज नीट पडत असतील तर ऑइल बदला. एका दमात नाही, दोन-तीन टप्प्यांत बदला, आणि मशीन लावून फ्लश करू देऊ नका. गाडी आजच स्लिप होत असेल तर मात्र ऑइलचा डबा घ्यायच्या आधी गिअरबॉक्स तपासून घ्या.

मी अकरा वर्षं सोलापूर स्टेशनवरून अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर अशी भाविकांची भाडी मारतो. माझ्या पहिल्या ऑटोमॅटिकला 1,60,000 झाले तेव्हा मलाही एका गॅरेजमध्ये हेच ऐकवलं होतं. मी ऐकलं. 2,10,000 ला, मे महिन्यात, तुळजापूरच्या घाटात सात माणसं गाडीत असताना तिने हाय खाल्ली. इंजिन ओरडतंय, आरपीएमचा काटा साडेतीन हजारावर, आणि गाडी बैलगाडीच्या चालीने चढतेय. एक आजी होत्या गाडीत, त्यांना रणरणत्या उन्हात रस्त्याच्या कडेला बसवावं लागलं. दुसरी गाडी येईपर्यंत दीड तास गेला. ते मला आजही सलतं. पेटी, म्हणजे गिअरबॉक्स, उघडली तेव्हा क्लच प्लेटा काळ्या पडलेल्या आणि ऑइलला करपल्याचा वास. दुरुस्ती दीड लाखाच्या पुढे गेली.

तुमचा मिस्त्री खोटं बोलतोय असं मला वाटत नाही. ऑइल बदलल्यावर महिन्याभरात बसलेल्या पेट्या त्याने खरंच पाहिल्या असतील. पण त्या गाड्या त्याच्याकडे केव्हा आल्या? बहुतेक लोकांना गिअर ऑइलची आठवण गिअर सुटायला लागल्यावरच येते. तोवर क्लच प्लेटांवरचं अस्तर झिजून गेलेलं असतं. ते अस्तर ऑइलने परत येत नाही. पेटी बसणारच असते, ऑइल बदललं नसतं तरी बसली असती, आणि नाव मात्र नव्या ऑइलवर येतं. 'जुन्या ऑइलमधली घाणच प्लेटांना पकड देते' असंही ऐकाल. झिजलेल्या अस्तराचा चुरा ऑइलमध्ये फिरतो हे खरं आहे, पण तोच चुरा व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइलचा दाब योग्य क्लचकडे वळवणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांत आणि तिथल्या सोलेनॉइडमध्ये, म्हणजे विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये, जाऊन बसतो. त्यावर भरवसा ठेवून गाडी चालवणं मला पटत नाही.

भीतीत तथ्य आहे ते फ्लशिंगपुरतं. मशीन जोराने ऑइल फिरवतं, त्यात काही ठिकाणी क्लीनरही घालतात. वर्षानुवर्षं चिकटून बसलेला थर एकदम सुटतो आणि नको तिथे जाऊन अडकतो. म्हणून जास्त रनिंगच्या गाडीला मी मशीन लावूच देत नाही.

या पेटीत ऑइल नुसतं वंगण म्हणून नसतं. इंजिनची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढे नेतं तेच, दाब देऊन क्लच दाबून धरतं तेच, आणि उष्णता बाहेर नेतं तेही तेच. ऑटोमॅटिकच्या ऑइलचा शत्रू ही उष्णता आहे. ती ऑइलमधले घर्षण सांभाळणारे घटक मारते, रबरी सील कडक करते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेरच 42-43 अंश असतात, त्यात सोलापुरातल्या सात रस्ता चौकाच्या गर्दीत गाडी रांगत असते आणि एसी पूर्ण सुरू. थंड गावातल्या गाडीचा हिशेब आपल्या गाडीला लावता येत नाही.

'लाइफटाइम ऑइल, बदलायची गरजच नाही' असंही कुणी सांगेल. जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतः गिअरबॉक्स बनवते. ते बसवणारे काही गाडी उत्पादक ऑइल आयुष्यभराचं म्हणतात, पण झेडएफचं स्वतःचं सांगणं 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा आठ वर्षं असं आहे. पेटी बनवणारा काय म्हणतो ते मी जास्त मानतो.

आधी गाडी किमान अर्धा तास चालवून गरम करा, मोहोळच्या बाजूला एक चक्कर मारली तरी चालेल. पायाचा जोर तोच असताना काटा एकदम वर जातो आणि गाडी तेवढी पळत नाही, असं होतंय का बघा. उभी असताना आर किंवा डी टाकल्यावर गाडीने गिअर पकडायला दोन सेकंदांहून जास्त घेतले तर ते चांगलं लक्षण नाही. साठ-ऐंशीच्या स्पीडला खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवत असेल, तर पुष्कळदा ते टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचचं (एका वेगानंतर इंजिन आणि पेटी थेट जोडणाऱ्या क्लचचं) असतं, आणि नव्या ऑइलने ते बरं झाल्याचं मी माझ्या दुसऱ्या गाडीवर अनुभवलंय.

मग थोडं ऑइल काढून पांढऱ्या कागदावर टाका. नुसतं तपकिरी असेल तर घाबरू नका, रंग उतरतोच. काळं आणि करपल्या वासाचं असेल तर सावध व्हा. दुधी गुलाबी दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. अनेक गाड्यांत गिअर ऑइल थंड करायची नळी रेडिएटरच्या टाकीतूनच जाते, आणि आपल्याकडे कूलंटऐवजी बोअरचं क्षाराचं पाणी ओतायची सवय आहे. आतून गंज खातो आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. तसं असेल तर गाडी चालवत गॅरेजलाही नेऊ नका, टो करा. चेंबर (पेटीखालचं ऑइलचं भांडं) उघडल्यावर आतल्या चुंबकांवर करडी, मलमासारखी पेस्ट दिसली तर ती नेहमीची झीज समजा. धातूच्या कपच्या बोटाला टोचल्या तर मात्र पुढचा खर्च थांबवा आणि पेटी उघडणाऱ्या माणसालाच दाखवा.

सगळं ठीक असेल तर कामाला लागा. तुमच्या गाडीला टोयोटाचं डब्ल्यूएस ऑइल लागतं. दुसरं कुठलंही लाल ऑइल 'चालतंय की' म्हणून घेऊ नका, आणि डबे अधिकृत पार्ट्सच्या काउंटरवरून सीलबंद आणा, बिल घ्या. (वाचणाऱ्या इतरांसाठी: तुमची ऑटोमॅटिक सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारी, असेल तर तिचं ऑइल पूर्ण वेगळं. एएमटी असेल तर ती मुळात साधी मॅन्युअल पेटीच आहे, फक्त क्लच आणि गिअर यंत्र बदलतं, हे सगळं तिला लागू नाही.)

चेंबरचा नट खोलला की पेटीतलं सगळं ऑइल पडत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांमध्ये राहतं. समजा आत दहा लिटर आहे आणि चार पडलं. पहिल्या वेळी 40 टक्के नवं झालं. हजारभर किलोमीटर चालवून पुन्हा केलं की 64, तिसऱ्या वेळी 78 च्या पुढे. जुनं आणि नवं हळूहळू मिसळतं, पेटीला धक्का बसत नाही. फिल्टर आणि चेंबरचं पॅकिंग पहिल्याच वेळी बदलून टाका. माझ्या दुसऱ्या गाडीला तीन वेळचे मिळून तेरा-चौदा हजार गेले. त्या गाडीचं रनिंग आज 2,60,000 आहे आणि ती रोज अक्कलकोट करते.

मिस्त्रीला दोन गोष्टी बजावून सांगा. खालचा नट खोलायच्या आधी ऑइल भरायचा नट सुटतोय का ते बघायचं. तो गंजून बसलेला असेल आणि खालून ऑइल सोडून दिलेलं असेल, तर गाडी तिथेच अडकते. दुसरं, पडलेलं ऑइल खुणेच्या भांड्यात मोजायचं आणि तेवढंच भरायचं. या गाडीला गिअर ऑइलची पातळी बघायची डिपस्टिक (मोजपट्टी) नाही. शेवटची पातळी इंजिन चालू ठेवून, ऑइल साधारण चाळीस अंशांच्या आसपास असताना बघतात, नेमका आकडा आणि पद्धत सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे. इथे आपल्या उन्हाचा प्रश्न येतो. मेमध्ये दुपारी बारा वाजता नुसती उभी असलेली गाडीसुद्धा त्या तापमानाला पोचलेली असते, इंजिन सुरू केलं की पातळी बघायच्या आत ऑइल पुढे तापून जातं आणि कमी भरलं जातं. काम सकाळी सातला लावा, गाडी आदल्या रात्री गॅरेजमध्येच ठेवा.

त्यानंतर दोनशे किलोमीटर झाल्यावर गाडीखाली पुठ्ठा टाकून एक रात्र उभी करा. चेंबरच्या कडेने ओल दिसली तर बोल्ट आवळत बसू देऊ नका, चेंबर वाकतो. पॅकिंगच नवं टाकायला सांगा.