स्वालबार्डला येण्याआधी पनवेलला जा

‘ताई, फिजिक्समध्ये एमएससी झालंय, ध्रुवीय प्रकाशावर संशोधन करायला स्वालबार्डला यायचंय. व्हिसाचं कसं?’ असं विचारलं आहेस. मी मूळची डोंबिवलीची. 78 अंश उत्तरेला, नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या लाँगइयरबायन गावात माझा हा चौथा हिवाळा.

व्हिसाचं आधी उरकते. 1920 च्या करारामुळे स्वालबार्डला व्हिसा लागत नाही. पण वाट नॉर्वेतून, म्हणून शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा, हवाच, तोही दोनदा प्रवेशाचा; इथे पाऊल टाकलंस की तू शेंगेनबाहेर. मी एकदाच प्रवेशाचा काढून बसले होते, निघायच्या आठवडाभर आधी कळलं. मग जी पळापळ झाली! पगार किंवा शिष्यवृत्ती पक्की झाल्याशिवाय मात्र येऊ नकोस. स्वतःचा खर्च भागवता आला नाही, तर परत पाठवतात.

ध्रुवीय प्रकाश, आकाशातला तो रंगीत झगमगाट, नॉर्वेच्या मुख्य भूमीवर ट्रॉम्सोलाही दिसतो, मग इतक्या वर कशाला? दुपारसाठी. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला सूर्याकडच्या बाजूने नरसाळ्यासारखी फट असते. तिच्यातून सौर वाऱ्यातले, म्हणजे सूर्याकडून सतत वाहत येणारे कण थेट वातावरणात उतरतात आणि आकाश उजळवतात. साधारण दुपारच्या सुमाराला स्वालबार्ड त्या फटीखाली येतं, आणि डिसेंबरात इथे दुपारीही मिट्ट काळोख! त्यासाठीच ब्राइनोसा डोंगरावर 2008 पासून चेल हेन्रिक्सेन वेधशाळा आहे, जवळच वरच्या वातावरणाचा अभ्यास करणाऱ्या आयस्कॅट या संस्थेचं रडार. वातावरणातल्या धूलिकणांवर काम करायचं असेल, तर आणखी वर न्यू-ऑलेसुंड गावात आपलं, भारताचं, हिमाद्री संशोधन केंद्र आहे. त्यासाठी गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्राकडे विचार. न्यू-ऑलेसुंडला वायफाय, ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं, अँटेनाच्या मोजमापात व्यत्यय नको म्हणून.

अस्वलांची भीती घालतील. गावाबाहेर बंदूक लागते खरी, पण ते शिकवतात. अंधार कुणी शिकवत नाही. ऑक्टोबरअखेर सूर्य गेला की फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उगवत नाही, आणि डोंगरांमुळे गावात ऊन पडायला 8 मार्च उजाडतो. आई जेवून आडवी होते तेव्हा मी काळोखात सकाळचा चहा टाकते. पहिल्या वर्षी मी नुसती झोपायचे.

आणि काम म्हणजे आकाशाकडे बघणं नव्हे, बरं का. ढगाळ रात्री, बर्फ धरलेल्या काचा आणि मॅग्नेटोमीटरचे, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणाचे, आलेख. ते वाचायला शिकण्यात माझे सहा महिने गेले. म्हणून तू आधी पनवेलच्या भूचुंबकत्व संस्थेत एखादा प्रकल्प मिळव. ती कुलाब्याच्या जुन्या वेधशाळेचीच वारसदार. 1859 चं प्रचंड सौर वादळ त्या वेधशाळेने टिपलं होतं. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी चुंबकीय मोजमापं बिघडतील, म्हणून 1904 मध्ये अलिबागला नवी वेधशाळा झाली. तीही बघून ये, मांडव्याची बोट पकडलीस की झालं.

अर्ज लिहिलास की पाठव, बघून देते. सामानात गोडा मसाला टाक, तो इथे मिळत नाही.