सोनं मातीत, चूक एफडीत

मेलबर्नहून एका वाचकाचं पत्र आलंय. नाव छापत नाही, मजकूर थोडक्यात असा:

"वय ४४, आयटीत आहे, पगार वर्षाला दीड लाख डॉलर. बायको अर्धवेळ नोकरी करते, दोन मुलं. २०१९ पासून पीआर (कायमचा रहिवासी). घराचं कर्ज ५ लाख २० हजार डॉलर, ६ टक्के व्याज, २४ वर्षं बाकी. गेल्या वर्षी मित्रासोबत मेरीबरोकडे मेटल डिटेक्टर घेऊन सोनं शोधायला गेलो. पहिल्याच दिवशी ०.८ ग्रॅमचा खडा मिळाला! आतापर्यंत ११ दिवसांत ३.१ ग्रॅम. मित्राचा डिटेक्टर जुना आहे. चांगला नवा १० हजारांचा, जुनी फोर व्हील ड्राइव्ह ३२ हजारांची आणि कॅम्पिंगचं सामान ८ हजारांचं, असे ५० हजार डॉलर लागतील. भारतात ६० लाखांच्या एनआरई (परदेशस्थ भारतीयांच्या खात्यातल्या) एफडी आहेत. टॅक्स-फ्री असल्यामुळे त्यांना कधी हात लावला नाही. त्यातली ३० लाखांची मोडू का? दिवसाला २ ग्रॅम धरले तर दोन वर्षांत पैसे वसूल होतात. मग आठवड्यातून चार दिवसच नोकरी करावी असा विचार आहे. बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरने दिलेला गॅरंटीड इन्कम प्लॅनही आहे, वर्षाला ३ लाख हप्ता. बायकोचा विरोध आहे."

डिटेक्टरवर येतोच, कारण तो प्रश्न तुलनेने सोपा आहे. पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी एका शब्दापाशी अडकलो: "टॅक्स-फ्री".

कुठे टॅक्स-फ्री? एनआरई ठेवीच्या व्याजावर कर नाही तो भारतात. तुम्ही ऑस्ट्रेलियाचे करनिवासी आहात, आणि जगात कुठेही मिळालेलं व्याज तिथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. भारताने कर सोडून दिला म्हणजे ऑस्ट्रेलियाने सोडला असं होत नाही. उलट भारतात एक पैसाही कापला गेला नसल्यामुळे दुहेरी करवजावटीत मागायलाही काही नाही. आखाती देशांतल्या मंडळींसाठी "एनआरई म्हणजे टॅक्स-फ्री" हे वाक्य खरं असतं. तेच वाक्य मेलबर्न, लंडन आणि न्यू जर्सीच्या लोकांनाही तसंच ऐकवलं जातं. ऐकवणाऱ्याला ठेवीचं टार्गेट असतं, तुमचं रिटर्न त्याला भरायचं नसतं.

तुमचा गैरसमज कुठून आला असेल याचा अंदाज आहे. पीआर मिळण्याआधी तात्पुरत्या व्हिसावर असताना परदेशातल्या व्याजावर ऑस्ट्रेलिया बहुतेकांकडून कर घेत नाही. त्या काळात कुणीतरी "इंडियाचं दाखवायची गरज नाही" असं सांगितलं असेल, आणि तेव्हा ते बरोबरही असेल. पीआर आला आणि नियम बदलला. तुमची सवय मात्र तीच राहिली. दरवर्षी रिटर्नमध्ये परदेशी उत्पन्नाचा प्रश्न येतो आणि दरवर्षी तुम्ही "नाही" म्हणत आलात, असं मी धरतो.

आता आकडे. सोपं जावं म्हणून ऑस्ट्रेलियन डॉलर ६० रुपये धरू. म्हणजे तुमचे ६० लाख हे एक लाख डॉलर. आधी ठेव लहान होती, मधली काही वर्षं व्याजदरही पडलेले होते, म्हणून सरासरी साडेपाच हजार डॉलर व्याज धरतो. सहा वर्षांचे ३३ हजार. तुमच्या पगाराच्या पट्ट्यात ३७ टक्के कर आणि २ टक्के मेडिकेअर (सरकारी आरोग्यसेवेचा आकार), म्हणजे ३९. साधारण १३ हजार डॉलर कर भरायचा राहिलाय. त्यावर उशिराचं व्याज आणि वर दंड. डिटेक्टरची किंमत इथेच पार झाली.

"त्यांना कळणार कसं?" हा प्रश्न पुढच्या ईमेलमध्ये येईल, म्हणून आत्ताच उत्तर देतो. परदेशी करनिवासींच्या खात्यांची माहिती देश एकमेकांना आपणहून पाठवतात. त्या व्यवस्थेत भारत २०१७ पासून आहे आणि ऑस्ट्रेलिया २०१८ पासून. बँकेने कधीतरी तुमच्याकडून करनिवासाचा फॉर्म भरून घेतला असेल आणि तुम्ही न वाचता सही केली असेल, तो फॉर्म याचसाठी असतो. करखात्याचं पत्र यायच्या आत स्वतःहून चूक कबूल केली तर ऑस्ट्रेलियात दंडात मोठी सूट मिळते, ८० टक्क्यांपर्यंत. पत्र आल्यानंतर ती बरीच आटते. त्यामुळे हे काम या महिन्यातलं आहे.

दुसरी गोष्ट. कर बाजूला ठेवला तरी ही एफडी तुम्हाला काय देते? ७ टक्के. त्यातून ३९ टक्के कर गेला की उरतात सव्वाचार. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियन डॉलर ४८-४९ रुपयांना होता, आता ६० धरतोय, म्हणजे रुपया वर्षाला साडेतीन टक्क्यांनी घसरला. तुमचा खर्च, कर्ज, मुलांचं शिक्षण सगळं डॉलरमध्ये. म्हणजे डॉलरच्या हिशेबात हातात एक टक्कासुद्धा उरत नाही. आणि त्याच वेळी घराच्या कर्जावर तुम्ही ६ टक्के भरताय! एका खिशात १ टक्का येतोय, दुसऱ्या खिशातून ६ जातायत, आणि दोन्ही खिसे तुमच्याच शर्टाचे.

तुमच्या कर्जाला ऑफसेट खातं जोडलेलं आहे का ते पाहा. नसेल तर मागा. त्यात एक लाख डॉलर ठेवले की कर्जाचं व्याज उरलेल्या ४ लाख २० हजारांवरच लागतं. पहिल्याच वर्षी ६ हजार वाचतात, आणि वाचलेल्या व्याजावर कर नसतो. हप्ता आजचाच, ३,४०० च्या आसपास ठेवलात तर २४ वर्षांचं कर्ज १६ वर्षांत निपटतं. (शेवटी ते एक लाख त्यातच जिरतात, हे धरून.) तुम्ही साठीत कर्जमुक्त व्हाल, अडुसष्टाव्या वर्षी नाही. आणि ऑफसेटमधले पैसे कधीही काढता येतात, म्हणजे "इमर्जन्सीला हाताशी हवेत" ही सबबही उरत नाही. एनआरईतून पैसे बाहेर न्यायला अडचण नसते. एक वर्ष पूर्ण न झालेली एफडी मोडली तर व्याज मिळत नाही एवढंच बघा आणि ज्या मुदतीला आल्यात त्या आधी न्या.

गॅरंटीड इन्कम प्लॅनबद्दल मला राग आवरून लिहावं लागतंय. तुम्ही जोडलेल्या कागदावरून: १० वर्षं ३ लाख भरायचे, पंधराव्या वर्षाअखेर ४५ लाख मिळणार, आयुर्विमा ३० लाखांचा. "३० चे ४५" ऐकायला दीडपट वाटतं. हिशेब केला तर परतावा ४ टक्के येतो, तोही रुपयांत. रुपया साडेतीनने घसरत राहिला तर पंधरा वर्षं पैसे अडकवून हाती अर्धा टक्का, आणि तिथला कर काय लागेल ते वेगळंच. तीस लाखांचा विमा म्हणजे ५० हजार डॉलर. तुमच्या डोक्यावर ५ लाख २० हजारांचं कर्ज आहे. तुम्हाला काही झालं तर बायको त्या विम्यावर सव्वा वर्ष हप्ते भरेल. असली पॉलिसी परदेशातल्या माणसाला विकणाऱ्याने एकदा तरी विचारलं का, की तुमचं कर्ज किती आहे? चार हप्ते गेलेत. पाचवा भरण्याआधी विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा, सरेंडर व्हॅल्यू (आज पॉलिसी मोडली तर मिळणारे पैसे) आणि पेड-अप केल्यास, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवल्यास, मुदतीअखेर मिळणारी रक्कम. माझा कल पेड-अपकडे आहे, पण आकडे पाहून सांगेन. तुमच्या सुपरमध्ये, म्हणजे तिथल्या निवृत्तीच्या फंडात, किती आयुर्विमा आहे तेही पाहा, बहुतेकांनी ते पान उघडलेलंच नसतं.

आता सोनं.

तुमची वही मला आवडली. ११ दिवस, ३.१ ग्रॅम, आणि सोबत "एक बरणी भरून शिशाच्या गोळ्या, बुटांचे खिळे, कॅनच्या रिंगा". हे लिहून ठेवणारा माणूस मुळात प्रामाणिक आहे. मग दिवसाला २ ग्रॅम आले कुठून? तुमचीच वही ०.२८ सांगतेय. तुम्ही सात पटीने फुगवलंत!

औंस ६ हजार डॉलर धरला तर ग्रॅम १९० च्या आसपास. कच्चं सोनं शंभर नंबरी नसतं आणि घेणारा आपला वाटा ठेवतो, म्हणून हातात १७० धरा. दिवसाला ४८ डॉलर, शनिवार-रविवार मिळून ९६. मेलबर्न ते मेरीबरो जाऊन-येऊन ३४० किलोमीटर, वर रानातली भटकंती. पेट्रोल ७० च्या घरात, कॅरावॅन पार्कचे ४०. झालं, चौदा डॉलर खिशातून गेले. डबा घरून नेलाय असं धरून.

नवा डिटेक्टर जास्त शोधेल, मान्य. तिकडची माती लोहयुक्त, आपल्या कोकणातल्या जांभ्याची आठवण करून देणारी. स्वस्त यंत्र तिथे प्रत्येक लोहखडकाला ओरडत सुटतं. महागडी पल्स इंडक्शनची यंत्रं ती कटकट गाळून खोलवरचं ऐकतात. म्हणून तिप्पट धरतो. वर्षाला ४५ शनिवार-रविवार, एकही न चुकवता: १३ हजार. मोठ्या गाडीचं पेट्रोल आणि मुक्काम वजा जाता ६ हजार उरतात. पन्नास हजार वसूल व्हायला आठ वर्षं लागतील, तोवर गाडी भंगारात. तेच ५० हजार ऑफसेटमध्ये पडून राहिले तर वर्षाला ३ हजार देतात, पाठ न वाकवता.

तुम्ही पाठवलेल्या बातम्या वाचल्या. मोलियागुलला १८६९ साली जमिनीच्या जेमतेम खाली सापडलेला "वेलकम स्ट्रेंजर", शुद्ध सोनं सुमारे ७२ किलो. किंगोअरजवळ १९८० साली डिटेक्टरने सापडलेला २७ किलोचा "हँड ऑफ फेथ", जो पुढे लास व्हेगासच्या कॅसिनोने घेतला. आणि २०२३ मधला तो साडेचार किलोचा दगड, ज्यात अडीच किलोहून जास्त सोनं निघालं. या शेवटच्या बातमीतली एक ओळ तुम्ही सोडून दिलीत. त्या माणसाचा डिटेक्टर १,२०० डॉलरचा होता.

पुण्यात सोन्या मारुती चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांत पूर्वी झारेकरी दिसायचे. सराफाच्या दुकानासमोरची धूळ कुंच्याने गोळा करायची, घमेल्यात धुवायची, तळाला राहिलेला कण काढायचा. लहानपणी मी एकाला विचारलं होतं, रोज मिळतं का? तो म्हणाला, "दुकान बघून झाडायचं." कुठल्या सराफाकडे काम जास्त, कुणाची गादी कधी झटकतात, त्याला तोंडपाठ होतं. मेरीबरो-डनॉलीचा पट्टा दीडशेहून जास्त वर्षं लोक झाडतायत, आणि गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं डिटेक्टर घेऊन. उरलंय नक्कीच, पण ते कुठल्या ओहोळाच्या कडेला हे कळायला अकरा दिवस पुरत नाहीत.

चार दिवसांच्या नोकरीचा विचार तर आजच सोडा. पगार २० टक्के कमी म्हणजे वर्षाला ३० हजार, करानंतर हातातले १९ हजार. शिवाय सुपरमध्ये मालकाकडून येणारे १२ टक्के, म्हणजे ३,६०० गेले. नुसते १९ हजार भरून काढायला ११२ ग्रॅम लागतील. जवळजवळ दहा तोळे, दरवर्षी, आणि तुमच्या वेगाने त्याला ४०० दिवस लागतात. वर्षात तेवढे नसतात. शिवाय छंद म्हणून सापडलेल्या सोन्यावर सहसा कर लागत नाही. नोकरी कमी करून, वेळापत्रक आखून, विकण्यासाठीच शोधायला लागलात तर करखातं त्याला धंदा म्हणू शकतं.

छंद म्हणून मात्र जरूर करा. तुमच्या व्हिक्टोरिया राज्यात मायनर्स राइट, म्हणजे सोनं शोधायचा परवाना, तीस डॉलरच्या आत-बाहेर, तोही दहा वर्षांचा. सरकारी जमिनीवर मिळालेलं सोनं तुमचं. राष्ट्रीय उद्यानं बहुतेक बंद, खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी हवी, आणि खणलेला खड्डा बुजवायचा. डिटेक्टर वापरलेला घ्या, ओळखीच्या दुकानातून, दोन-अडीच हजारांच्या आत. नामवंत कंपन्यांची नकली यंत्रं ऑनलाइन फिरतायत. पैसे पगारातून, एफडीतून नाही. गाडी आहे तीच. वर्षभर वही अशीच लिहा, पेट्रोलसकट. सरासरी दिवसाला एक ग्रॅमवर गेली तर मला पुन्हा लिहा, मी आनंदाने माझं म्हणणं मागे घेईन.

बायकोला आधी एफडीबद्दल सांगा. तिचं नाव त्या ठेवींवर असेल तर अर्धं व्याज तिच्या रिटर्नमध्ये जाऊ शकतं. तिचा कराचा पट्टा खालचा असल्यामुळे १३ हजारांचा आकडा थोडा उतरेल. मात्र त्यासाठी पैसे मुळात कुणाचे होते हे दाखवावं लागेल. मग दोन्ही देशांची कामं करणारा नोंदणीकृत टॅक्स एजंट गाठा आणि २०१९ पासूनचे व्याजाचे कागद घेऊन जा. बँकेचं वार्षिक सर्टिफिकेट एप्रिल-मार्चचं असतं, ऑस्ट्रेलियाचं वर्ष जुलै-जूनचं. त्यामुळे सर्टिफिकेट नका मागू, प्रत्येक ठेवीचा तारखेनिशी व्याज जमा झाल्याचा उतारा मागा. मुदतीअखेर मिळणाऱ्या ठेवी असतील तर तेही सांगा, कारण पैसे हातात आले नाहीत म्हणून त्या वर्षी व्याज नव्हतंच, हा युक्तिवाद सहसा चालत नाही.