तापाचा आकडा आणि औषधाचा चमचा

पाऊस लागला की तापाचे प्रश्न येऊ लागतात. या वेळचे काही प्रश्न सिस्टरांचे आहेत, पण गोंधळ मात्र घराघरातलाच.

काखेत ९९ आला तरी आई-वडील औषधासाठी मागे लागतात. द्यावं का? (परिचारिका, बालरुग्ण विभाग, इंदूर)

नाही. तीन महिन्यांहून मोठं मूल पितंय, खेळतंय, तर १०१ लाही घाई नको. झोपलेल्या मुलाला तर औषधासाठी उठवूच नका.

डॉक्टरांनी फोनवर पॅरासिटामॉल सिरप ‘एक चमचा’ सांगितलं. घरात त्याच नावाची थेंबांची बाटली आहे. चालेल? (आई, रामबाग)

अजिबात नाही. हा प्रश्न दर आठवड्याला येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा वजनावर ठरते: किलोमागे १५ मिलिग्रॅम. दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर हवं आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम लागतात. ५ मिलीत १२० मिलिग्रॅमवाल्या सिरपचे ते सुमारे ६ मिली होतात, २५० वाल्याचे ३ मिली आणि मिलीला १०० मिलिग्रॅमच्या थेंबांचे फक्त दीड मिली. त्या थेंबांचा ५ मिलीचा चमचा पाजलात तर तिपटीहून जास्त औषध पोटात जातं. असे डोस दोन-तीन दिवस चालले तर यकृताला इजा होते, आणि पहिल्या दिवशी मूल ठीकठाक दिसतं म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

कंपन्या नाव ठळक छापतात आणि मात्रा बारीक अक्षरांत. दुकानदार ‘जोरदार’ म्हणून मेफेनॅमिक ॲसिड (ताप-दुखण्याचं दुसरं औषध) मिसळलेलं सिरप हातात ठेवतो. त्यातही पॅरासिटामॉल असतं, आणि सर्दीच्या अनेक सिरपांतही, म्हणजे नकळत दुहेरी डोस जातो. निमेसुलाइड हे तापाचं औषध तर १२ वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून बंद आहे. दवा बाजारात काय मिळतं हा निकष नव्हे.

सिस्टर, तुमच्यासाठी: केस पेपरवर ‘एक चमचा’ लिहू नका. आजचं वजन, मिलिग्रॅम, मिली आणि वेळ लिहा. घरी सोडताना सिरिंजवर पेनाने रेघ मारून द्या. घरचे चमचे एका मापाचे नसतात. आधीच जास्त गेलं असेल तर उलटीची वाट न बघता बाटलीसकट रुग्णालयात या.

पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन (तापाचंच दुसरं औषध) दर तीन तासांनी आलटून-पालटून द्यायचं, नाहीतर झटके येतात, असं सीनियर सिस्टर सांगतात. (विद्यार्थिनी, नर्सिंग)

सीनियरांचा मान राखून सांगतो, हे चूक आहे. तापाचे झटके सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत येतात, आणि तापाचं औषध वेळेवर दिल्याने ते टळत नाहीत. आलटून-पालटून देण्यात कुठलं कधी दिलं हेच विसरतं. डेंगीच्या दिवसांत आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि मूल सुकलेलं असेल तर मूत्रपिंडावर ताण येतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात काही घालू नका. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ जातो, बाकी काही होत नाही. पाच मिनिटांत थांबला नाही तर थेट रुग्णालय. थांबला तरी पहिलाच असेल तर त्याच दिवशी दाखवा.

कोलन वॉटरच्या पट्ट्या ठेवू? (आजी, लोकमान्य नगर)

नको. त्यात अल्कोहोल असतं. बर्फही नको: थंडीने मूल कुडकुडतं आणि आतला ताप वाढतो. अंगावरचे जाड कपडे काढा, पाणी पाजत राहा. पुसायचंच असेल तर कोमट पाण्याने.

दात येताना १०३ ताप येतोच ना?

नाही. दुसरं कारण शोधावं लागेल. डॉक्टरांना दाखवा.

दोन महिन्यांचं बाळ, १००.६ ताप. सासूबाई म्हणतात, दोन दिवस बघू. (आई, सुदामा नगर)

दोन तासही नको. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ किंवा जास्त ताप म्हणजे आजच तपासणी, रात्र असली तरी. अशा बाळात गंभीर जंतुसंसर्गाचं पहिलं आणि कधी कधी एकमेव लक्षण तापच असतं. नुकतीच लस दिली असेल तर तेही सांगा, पण लसीचाच ताप आहे हे घरच्यांनी ठरवू नये. मोठ्या मुलातही सुस्ती, धाप, दाबल्यावरही फिके न होणारे जांभळे डाग, मान ताठ होणे किंवा सहा-आठ तास लघवी न होणे यांपैकी काही दिसलं, तर थर्मामीटर बाजूला ठेवा आणि निघा.