बीजीए चिपखाली ड्राय (सोल्डर सुटलेलं) झालंय हे बाउंडरी स्कॅनने कसं शोधायचं? महागडं टूल घ्यावंच लागतं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. चिपळूणला तुमचं दुरुस्तीचं दुकान आहे. काजूच्या कलर सॉर्टरचा (रंग बघून खराब गर वेगळे करणाऱ्या मशीनचा) बोर्ड आलाय, मधोमध बीजीए चिप आहे, म्हणजे पायांऐवजी पोटाखाली सोल्डरचे गोळे असलेली. चिप अंगठ्याने दाबून धरली की मशीन चालतं, सोडली की बंद. कोणीतरी म्हणालं बाउंडरी स्कॅनचं (चिपच्या आतूनच तिच्या पिना वाचायचं आणि हलवायचं) टूल घ्या. कोटेशन मागवलंत तर आकडा लाखांत आला. आता ते घ्यावं, की साध्या यूएसबी-जेटॅग केबलवर भागेल? (जेटॅग म्हणजे त्यासाठी चिपला जोडायच्या चार तारा.)

भागेल. पण केबलच्या चौकशीआधी एक फाइल शोधा. ती नसेल तर स्वस्त केबलही वाया आणि लाखाचं टूलही वाया.

माझं दुकान कुडाळला. आमच्याकडे काजूचे कारखाने गल्लोगल्ली, त्यामुळे सॉर्टरचे बोर्ड वर्षाला पाच-सहा तरी हातात येतात. मीही तुमच्यासारखाच दाबून बघण्यापासून सुरुवात केली.

फाइलचं नाव बीएसडीएल. चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर बहुतेकदा फुकट मिळते. साधा मजकूर असतो, नोटपॅडमध्ये उघडतो. कुठल्या पिनेमागे कुठला सेल (पिन वाचणारा-हलवणारा छोटा कप्पा) आहे, साखळीत तो कितवा, कुठल्या इन्स्ट्रक्शनचा कोड काय, सगळं त्यात लिहिलेलं असतं. पॅकेज बघून घ्या. तीच चिप १४४ पायांच्या चपट्या पॅकेजमध्येही येते आणि २५६ गोळ्यांच्या बीजीएमध्येही, आणि दोघांच्या फाइली वेगळ्या. एकदा मी चुकीची फाइल लावून अख्खी दुपार एका निर्दोष ट्रॅकमागे घालवली आहे.

चिपवरचं नाव घासून टाकलेलं असेल (सॉर्टरवाले हे हौसेने करतात) तरी घाबरू नका. जेटॅगच्या चार तारा जोडून चिपला रीसेट करा आणि डेटा रजिस्टर बाहेर सरकवा, बहुतेक चिपा स्वतःहून ३२ बिटांचा ओळख क्रमांक देतात. माझ्याकडच्या एका बोर्डने २४००१०९३ असं उत्तर दिलं. शेवटचे ०९३ म्हणजे झायलिंक्स कंपनी, मधलं ४००१ म्हणजे त्यांच्या स्पार्टन-६ मधली एलएक्स९ ही एफपीजीए (आतलं लॉजिक हवं तसं भरता येणारी चिप), पहिला आकडा नुसता आवृत्तीचा. नाव घासणाऱ्याची मेहनत फुकट. उत्तरात सगळे एकच आले तर टीडीओची (डेटा बाहेर आणणारी) तार लागलेली नाही किंवा ती लाइन वर अडकलीये. सगळी शून्यं आली तर आधी चिपला सप्लाय पोचतोय का ते मीटरने बघा.

आता हे चालतं कसं, थोडक्यात. पिन आणि चिपच्या आतलं लॉजिक यांच्या मधे एकेक सेल बसवलेला असतो आणि हे सगळे सेल एका रांगेत जोडलेले असतात. आंब्याच्या पेट्या ट्रकात चढवताना माणसं ओळीने उभी राहून हातोहात देतात ना, तसं. टीडीआयकडून बिट आत ढकलायचे, टीसीकेच्या प्रत्येक ठोक्याला ते एकेक घर पुढे सरकतात, हवे तिथे पोचले की इशारा द्यायचा, सगळे एकदम पिनांवर जातात. तसंच उलटं, पिनांवर त्या क्षणी काय आहे ते सगळे सेल एकदम उचलतात आणि रांगेने टीडीओकडून बाहेर देतात. चिपखालच्या ज्या गोळ्याला तुमचा प्रोब कधीच लागणार नाही, तो असा चार तारांवरून दिसतो. बोर्ड दाट होत गेले, टेस्टिंगच्या खिळ्यांना टेकायला जागा उरेना, म्हणून १९८५ मध्ये युरोपातल्या कंपन्यांनी एकत्र येऊन हे डोकं लढवलं. १९९० मध्ये त्याचं आयट्रिपलई ११४९.१ हे स्टँडर्ड झालं, बीएसडीएल त्यात १९९४ ला आली.

साधनांबद्दल. एफटी२२३२एच किंवा एफटी२३२एच या चिपचा छोटा बोर्ड घ्या, दुरुस्तीच्या कामाला पुरतो. त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. समोरचा जेटॅग १.८ व्होल्टचा असेल तर मधे लेव्हल शिफ्टर (दोन्हीकडचं व्होल्टेज जुळवणारा) हवाच, नाहीतर निदान करता करता चिप घालवाल. सॉफ्टवेअरमध्ये लोक पहिलं नाव ओपनओसीडीचं घेतात. ते प्रोग्रॅम भरायला, डीबगिंगला छान, पण ते बीएसडीएल वाचत नाही. यूआरजेटॅग वाचतं, फुकट आहे, फक्त कमांड टाइप करायची तयारी ठेवा. चित्र बघत काम करायचं असेल तर विंडोजवर टॉपजेटॅग प्रोब आहे, त्यात चिपचं पॅकेज दिसतं आणि पिना रंग बदलताना दिसतात. विकतचं आहे, पण ट्रायल मिळते. एक्सजेटॅग, जेटॅग टेक्नॉलॉजीज, कोरेलिस, गोपेल ही मोठी मंडळी. त्यांच्या टूलला बोर्डची नेटलिस्ट (कुठली पिन कुठे जोडलीये याची यादी) दिली की ते स्वतःच टेस्ट बनवतं आणि अमक्या पिनेपासून तमक्या पिनेपर्यंतचा ट्रॅक तुटलाय असं बोट ठेवून सांगतं. पण तुमच्या-माझ्याकडे नेटलिस्ट असते का? सॉर्टरची कंपनी साधा सर्किट डायग्राम देत नाही. मग त्या टूलचं अर्धं डोकं बंदच राहणार. तुम्ही स्वतः बोर्ड बनवून महिन्याला शेकड्याने विकणार असाल तेव्हा त्याचे पैसे निघतात.

आता तुमच्या दाबण्याबद्दल. दाबल्यावर चालतं म्हणजे त्याच चिपखाली ड्राय, असं धरून लगेच रीबॉल करायला (चिप काढून नवे गोळे लावायला) घेऊ नका. दाबलं की बोर्ड वाकतो, आणि बोर्ड वाकला की शेजारच्या कशाचाही कॉन्टॅक्ट होऊ शकतो.

तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे अगदी असाच बोर्ड आला होता. त्याच एलएक्स९ च्या शेजारी १६ डेटा लाइनची स्टॅटिक रॅम होती. मी फ्लक्स काढून, बीजीए स्टेशन तापायला लावून बसलो होतो, तेवढ्यात लाईट गेली. जूनचा पाऊस, लाईट लवकर येण्याची आशा नाही. बोर्डची तपासणी तेवढी बॅटरीवर होण्यासारखी होती, म्हणून लॅपटॉप उघडला आणि एफपीजीएच्या पिनांवरून रॅममध्ये लिहून परत वाचायचं ठरवलं. पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम केला, त्याने एसव्हीएफ फाइल (जेटॅगवर काय पाठवायचं त्याची यादी) बनवली, यूआरजेटॅगने ती चालवली. आधी कुठला गोळा रॅमच्या कुठल्या पायाला जातो ते चांगल्या बोर्डवरून काढून ठेवलं होतं, हे काम कंटाळवाणं आहे पण त्याला पर्याय नाही.

पहिल्या फेरीत सगळं पास! इथे एक गोम आहे, ती नीट ऐका. तुटलेली लाइन हवेत लोंबकळत असते आणि पिनेची थोडीशी कपॅसिटी शेवटचं व्होल्टेज धरून ठेवते. तुम्ही १ लिहिला आणि लगेच वाचला तर तुमचाच १ परत मिळतो, रॅमपर्यंत तो पोचलाच नव्हता तरी. म्हणून एका पत्त्यावर १०१०…, दुसऱ्या पत्त्यावर ०१०१… लिहायचं आणि मग पहिला पत्ता वाचायचा. तसं केल्यावर १५ लाइन बरोबर आल्या आणि डी११ ने दुसऱ्या पत्त्याचा बिट दिला. दहा वेळा चालवलं, दहाही वेळा डी११. बोर्ड अंगठ्याने दाबला, पास. सोडला, डी११.

तरीही एक गोष्ट कळत नव्हती. ट्रॅक तुटलाय हे बाउंडरी स्कॅन सांगतं, कुठल्या टोकाला ते सांगत नाही. एफपीजीएच्या गोळ्यापासून निघालेला ट्रॅक रॅमच्या आधी एका व्हायातून (बोर्डच्या एका थरातून दुसऱ्यात जाणाऱ्या भोकातून) खाली जात होता. त्या व्हायावर सुई ठेवली आणि दुसरी सुई रॅमच्या पायावर. पायावर जोरात टेकवली तर बीप, हलकी टेकवली तर काही नाही. भिंगाखाली बघितलं, पाय पॅडपासून केसभर उचललेला. सोल्डर पॅडवर तसंच चकाकत होतं. टोकदार बिट, थोडा फ्लक्स, दोन सेकंद. रीबॉल केलं असतं तर चांगल्या एफपीजीएला उगाच दोनदा भट्टीतून काढलं असतं, आणि तापताना शेजारच्या रॅमचा पाय आपोआप बसला असता. मग मी आयुष्यभर समजत राहिलो असतो की गोळेच सुटले होते.

आता माझी चूक, म्हणजे तुमची होणार नाही. या खेळात दोन इन्स्ट्रक्शन महत्त्वाच्या. सॅम्पल ही नुसती बघणारी, चालत्या बोर्डवर लावली तरी काही बिघडत नाही. एक्सटेस्ट ही पिनांचा ताबा घेणारी. एक्सटेस्ट लावली की सेलमध्ये जे काही असेल ते थेट पिनांवर जातं, म्हणून आधी प्रीलोड करून सुरक्षित किमती भरायच्या असतात. बीएसडीएलमध्ये प्रत्येक सेलची सेफ किंमत दिलेली असते. मी एकदा एका कारखान्यात बोर्ड मशीनमध्येच ठेवून, कॉम्प्रेसरची हवा चालू असताना, प्रीलोड न करता एक्सटेस्ट दिली. खराब गर फुंकरीने उडवणारे सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडले. ट्रेमधला काजू छतापर्यंत गेला. मालक काका बाहेरून धावत आले, "मशीन पिसाळला की काय रे?" ते व्हॉल्व्ह काही मिलिसेकंदांच्या झटक्यासाठी केलेले असतात, मी घाबरून यूएसबी उपटली तरी चिप एक्सटेस्टमध्येच अडकून राहिली, पिना तशाच धरून. मेन स्विच बंद करेपर्यंत तीन कॉइल जळाल्या. त्या मी भरून दिल्या. सुटायला काय करायला हवं होतं? टीएमएस ही चौथी तार १ वर धरून टीसीकेचे पाच ठोके. चिप कुठल्याही अवस्थेत असो, पाच ठोक्यांत रीसेटला येते. त्याहून बरं म्हणजे बोर्ड टेबलावर आणा आणि व्हॉल्व्हचा कनेक्टर काढून ठेवा.

एफपीजीए असेल तर आणखी एक. कंपनीची बीएसडीएल ही कोऱ्या, कॉन्फिगर न झालेल्या चिपची असते. बोर्डला सप्लाय दिला की चिप शेजारच्या फ्लॅश मेमरीमधून स्वतःला भरून घेते आणि मग काही पिना फाइलीप्रमाणे वागत नाहीत. स्पार्टनमध्ये मी आयएनआयटी पिन ग्राउंडला धरून ठेवतो, चिप भरायची थांबते.

आपल्या हवेचं काय? इथे हे तंत्र तोकडं पडतं. खाऱ्या हवेने दोन पायांमध्ये जो हिरवट थर येतो, तो काही किलोओहमची गळती करतो. सेल जोरात १ किंवा ० ढकलतो, त्याला ती गळती जाणवतही नाही, टेस्ट पास. ती पकडायची तर ज्या लाइनला पुलअप (लाइन १ कडे ओढून धरणारा रेझिस्टर) आहे तिथे सगळे ड्रायव्हर बंद करून नुसतं वाचा. दहा किलोओहमच्या पुलअपवर १ यायला हवा. ० आला, किंवा कधी ० कधी १, तर ब्रश आणि आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घ्या. सप्लायचे कपॅसिटर, ॲनालॉग भाग, कॅमेऱ्याचा लेन्ससमोरचा भाग यातलं काहीही बाउंडरी स्कॅनला दिसत नाही. चिपळूणला २०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा गाळातून काढलेले बोर्ड माझ्याकडेही आले होते. तसले बोर्ड आधी धुवा, सुकवा, सप्लायच्या लाइन मोजा, जेटॅगचं नाव नंतर काढा. आणि बोटीवरचा बोर्ड असेल तर जेटॅगच्या पॅडवर कोटिंग असतं, ते खरवडल्याशिवाय चिप मेलीये असं ठरवू नका. मी ठरवलं होतं.

तारा वीतभरापेक्षा लांब ठेवू नका, ग्राउंड आधी जोडा, टीसीके सुरुवातीला शंभर किलोहर्ट्झवर ठेवा. हजार सेलची साखळीसुद्धा त्या वेगाने दहा मिलिसेकंदांत बाहेर येते, घाई कशाची आहे?

तुमच्या बोर्डसाठी क्रम असा: ओळख क्रमांक काढा, बीएसडीएल उतरवा, सॅम्पल लावून चिप दाबून आणि सोडून दोन्ही वेळा वाचा, कुठल्या पिना बदलतात ते बघा. त्याच कारखान्यात त्याच मॉडेलचं दुसरं मशीन असेल तर एक दिवस त्याचा बोर्ड मागून आणा आणि त्याचे ट्रॅक, त्याचं सॅम्पल सगळं उतरवून ठेवा. मालक कुरकुरेल. त्याला सांगा, येत्या पावसाळ्यात हाही माझ्याकडेच येणार आहे.