बदकाने दिलेला इशारा

प्रश्न : माझा धाकटा भाऊ रात्री जागून अनोळखी लोकांबरोबर ऑनलाइन कोडी सोडवतो. फोटोत मजकूर लपलाय म्हणतो. फोटोत मजकूर कसा लपेल? – एक ताई, सांगली

उत्तर : लपतो, ताई. गणिताची मास्तरकी संपल्यावर मी ‘सिकाडा ३३०१’ या इंटरनेटवर कोडी टाकणाऱ्या निनावी मंडळींची जुनी कोडी वहीत उतरवून घ्यायचो, हिला वाटायचं, म्हाताऱ्याला चळ लागला. जानेवारी २०१२ मधलं पहिलं चित्र म्हणजे काळ्यावर पांढरी अक्षरं, बस्स. ते नोटपॅडमध्ये उघडलं की सगळ्या कचऱ्याच्या शेवटी रोमन सम्राट क्लॉडियसचं नाव आणि एक अगम्य ओळ. क्लॉडियस चौथा सम्राट, म्हणून प्रत्येक चिन्ह चार घरं मागे न्यायचं. त्यातून निघाला एक वेबपत्ता, आणि तिथे लाकडी बदकाचं चित्र! वर ‘फसलात’ अशी टिंगल. पण त्याच इंग्रजी वाक्यात ‘गेस’ आणि ‘आउट’ हे शब्द होते; ‘आउटगेस’ हे चित्रात मजकूर लपवणारं सॉफ्टवेअर. तीन दिवस डोकं खाजवून शेवटी मी उत्तर बघितलं. लबाडी कबूल.

पुढे फोनवर निरोप : तीन मूळ संख्या, एक ३३०१, उरलेल्या दोन पहिल्या चित्राशी निगडित. चित्राची लांबी-रुंदी ५०९ आणि ५०३! तिन्हींचा गुणाकार ८४,५१,४५,१२७, आणि वेबसाइटचं नाव हाच आकडा. हा मात्र मी कागदावर केला, कॅल्क्युलेटर न घेता.

भावाला बदकाचं विचारून बघा. जागरणाचं तुमचं तुम्ही बघा.